तुटत्या ताऱ्याची नोंद



करारमदार, बोनस आणि बडतर्फीच्या केसेस यांत ज्याचा जन्म चालला आहे, अशा माणसाने उल्कांच्या छायाचित्रणावर बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचा आणि रात्रीच्या आकाशाचा परिचय जुना आहे. दुसरी पाळी सुटते बारा वाजता. गेटसभा घ्यायची तर तेव्हाच. सभा आटोपून औद्योगिक वसाहतीच्या कडेने परत येताना डोक्यावर जे दिसे, त्याविषयी नगरवाचनालयातली पुस्तके चाळू लागलो. शाळा आमची लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते असे वाचनालयाच्या बाकावर, आणि कारखान्यातल्या जुन्या फिटर मंडळींच्या हाताखाली. पुढे चार कामगार मित्रांनी भिशी टाकून एक जुना कॅमेरा विकत घेतला, आणि मग हा नाद जडला तो जडलाच.

आणखी एक कारण आहे. कामगार चळवळीत जो माणूस काही वर्षे काढतो, त्याला एक गोष्ट पक्की कळते. वाद पडला म्हणजे दहा तोंडांच्या दहा हकीकती होतात, आणि शेवटी विचारले जाते ते एवढेच, की नोंद कुठे आहे? उल्केचे नेमके असेच आहे. ती दिसते क्षणभर आणि जाते. पाहणारा म्हणतो, “ती टेकडीमागेच पडली”, शेजारच्या गावचा म्हणतो, “छे, आमच्या शिवारात.” दोघेही प्रामाणिक असतात, आणि बहुधा दोघांचेही चुकलेले असते. या क्षणाची नोंद माणसाने कशी धरली, त्या नोंदीने कोणते वाद मिटवले, आणि आपल्यासारख्या सामान्य माणसाला ती कशी धरता येईल, एवढे आज सांगायचे आहे.

उल्का म्हणजे काय

आपण ‘तारा तुटला’ म्हणतो, पण तारा जागचा हललेलाही नसतो. अवकाशात सूर्याभोवती फिरणारे धुळीचे आणि खड्यांचे असंख्य कण आहेत. बहुतेक वाळूच्या दाण्याएवढे, फार तर वाटाण्याएवढे. पृथ्वीच्या वाटेत असा कण आला, की तो सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर या वेगाने वातावरणात घुसतो. बंदुकीची गोळी सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास जाते, यावरून या वेगाची कल्पना यावी. एवढ्या वेगाने हवेच्या कणांशी टक्कर झाल्यावर दाण्याची वाफ होते, ती वाफ आणि भोवतालची हवा उजळते, आणि आपल्याला प्रकाशाची रेघ दिसते. हे सारे जमिनीपासून साधारणतः ८० ते १२० किलोमीटर उंचीवर घडते. तेव्हा टेकडीमागे काही पडलेले नसते. टेकडीमागे दिसलेली उल्का बहुधा दोन जिल्हे ओलांडून पलीकडे असते.

काळोख्या जागी कोणत्याही रात्री तासाला पाच-दहा उल्का दिसतात. काही ठराविक तारखांना मात्र त्यांची संख्या वाढते, कारण धूमकेतू आपल्या वाटेवर धूळ सांडत जातात, आणि पृथ्वी दरवर्षी त्याच तारखेला ती वाट ओलांडते. यालाच उल्कावर्षाव म्हणतात. वर्षावातल्या सगळ्या उल्का आकाशातल्या एकाच बिंदूपासून फाकल्यासारख्या दिसतात. वास्तविक त्या एकमेकींना समांतर येत असतात. रेल्वेचे रूळ दूरवर एका जागी मिळाल्यासारखे वाटतात, तसाच हा दृष्टीचा खेळ. तो बिंदू ज्या तारकासमूहात पडतो, त्याचे नाव त्या वर्षावाला मिळते.

पहिली रेघ

उल्केचे पहिले छायाचित्र २७ नोव्हेंबर १८८५ रोजी प्राग येथे लाडिस्लाउस वाइनेक या ज्योतिर्विदाने घेतले. त्या रात्री देवयानी तारकासमूहातून उल्कांचा मोठा पाऊस पडला. त्याचे मूळ बिएला नावाच्या धूमकेतूत होते. हा धूमकेतू १८४६ साली दुभंगलेला लोकांनी पाहिला, १८५२ नंतर तो दिसलाच नाही. आणि मग १८७२ व १८८५ साली, पृथ्वी त्याच्या वाटेवरून जात असता, त्याची धूळ उल्का होऊन बरसली. मेलेल्या धूमकेतूची राख आपल्या आकाशात पेटली आणि तिची एक रेघ काचेच्या प्लेटवर उमटली, असेच म्हणावे लागेल.

परंतु नुसत्या रेघेवरून फारसे कळत नाही. उल्का कोठून कोठे गेली ते समजले. किती वेगाने गेली ते समजले नाही. या अडचणीवर अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वेधशाळेत विल्यम एल्किन यांनी १८९० च्या दशकात तोड काढली. त्यांनी सायकलचे चाक घेतले, त्यावर ठराविक अंतराने अपारदर्शक पडदे लावले, आणि ते चाक कॅमेऱ्यांच्या भिंगांसमोर एका ठराविक गतीने फिरत ठेवले. पडदा समोर आला की प्रकाश बंद, गेला की सुरू. त्यामुळे उल्केची सलग रेघ न उमटता तुटक रेघ उमटे. समजा, चाक सेकंदाला वीस वेळा प्रकाश अडवते, तर एका तुकड्याच्या आरंभापासून पुढच्याच्या आरंभापर्यंतचा काळ एक विसांश सेकंद. तुकडे मोजले की उल्का किती वेळ टिकली ते कळते. तुकड्यांची लांबी शेवटी आखूड होत गेली तर हवेने तिला किती अडवले तेही कळते. ज्या सायकलवरून आमचा फिटर कामावर येतो, तिच्याच चाकाने आकाशातले घड्याळ बनवले! आमच्या मित्रमंडळींना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते कोणत्याही व्याख्यानाने आले नसते.

उल्का चित्रात का सापडत नाही

आता या विषयातली मुख्य खोच सांगतो. एकदा आमच्यातल्या एकाने विचारले, “भाऊ, कॅमेऱ्याचे शटर दहा मिनिटे उघडे ठेवले, तर उल्का जास्त ठळक येईल ना?” प्रश्न सरळ आहे, आणि बहुतेकांना उत्तर ‘हो’ असेच वाटेल. खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. का, ते हिशेबाने पाहू.

एक उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने, बरोबर आपल्या डोक्यावर शंभर किलोमीटर उंचीवरून आडवी चालली आहे असे धरा. आपल्या दृष्टीने ती सेकंदात सुमारे २० अंश सरकेल. कॅमेऱ्याला २४ मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स असेल, तर आत सेन्सरवर तिचे प्रतिबिंब सेकंदाला साधारण ८.४ मिलिमीटर पळेल. प्रतिबिंबाचा ठिपका एक शतांश मिलिमीटर रुंदीचा धरला, तर सेन्सरच्या कोणत्याही एका जागेवर उल्का सेकंदाचा सुमारे आठशेवा भाग एवढाच वेळ थांबते. शटर तुम्ही दहा सेकंद उघडे ठेवा, नाहीतर दहा मिनिटे. त्या जागेच्या वाट्याला उल्केचा प्रकाश येतो तो एवढाच. उलट, तितकाच तेजस्वी तारा वीस सेकंदांत जवळजवळ जागच्या जागी उभा राहतो, आणि त्या जागेला उल्केच्या सोळा-सतरा हजार पट प्रकाश देतो.

गिरणीच्या भाषेत सांगायचे, तर तारा हा कायम कामगार. एकाच सांच्यावर पाळीभर उभा. उल्का म्हणजे बदली कामगार. खात्यातल्या प्रत्येक सांच्यापाशी पळभर हात लावून निघून गेलेला. गिरणी सोळा तास चालवली म्हणून त्याचे नाव हजेरीबुकात जाड अक्षरांत येत नाही. शटर जास्त वेळ उघडे ठेवून वाढते ते काय? तर आकाशाचा पार्श्वप्रकाश. गावातल्या दिव्यांची धूसर उजळणी सेकंदागणिक साचत जाते आणि आधीच फिकी असलेली उल्केची रेघ तिच्यात बुडून जाते.

मग उल्का ठळक यावी तर काय करावे? तिच्या त्या आठशेव्या हिश्श्यातच जास्तीत जास्त प्रकाश आत घ्यावा. म्हणजे लेन्सचे तोंड जितके मोठे उघडता येईल तितके उघडावे. एकाच नाभीय अंतराच्या दोन लेन्सपैकी एफ २.८ पेक्षा एफ १.४ ची लेन्स चौपट प्रकाश घेते. आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संदेशाची वाढ, १६०० ते ३२०० पर्यंत न्यावी, म्हणजे क्षीण रेघही वर दिसेल. एवढे केले की बाकीचे काम धीराचे.

दोन ठिकाणची साक्ष

एका कॅमेऱ्याने दिशा कळते, अंतर कळत नाही. बोट डोळ्यांसमोर धरून आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. मागच्या भिंतीवर बोट इकडचे तिकडे उडी मारते. बोट जवळ तेवढी उडी मोठी. दोन डोळ्यांमधले अंतर माहीत असेल, तर त्या उडीवरून बोटाचे अंतर काढता येते. हाच न्याय उल्केला लावायचा. फक्त डोळे काही कोस दूर हवेत. हार्वर्ड येथे फ्रेड व्हिपल यांनी १९३६ साली हे काम पद्धतशीर सुरू केले. एक कॅमेरा केंब्रिजला, दुसरा ओक रिजला. मध्ये सुमारे ३८ किलोमीटर अंतर. शंभर किलोमीटर उंचीवरची उल्का या दोन जागांवरून पाहिली, तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तिची जागा सुमारे २० अंशांपर्यंत बदलते. त्यावरून उंची मिळते. फिरत्या शटरने कापलेल्या तुकड्यांवरून वेग मिळतो. आणि वेग व दिशा एकदा हाती आली, की वातावरणात शिरण्यापूर्वी तो कण सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत होता, याचा हिशेब उलटा मांडता येतो. एका सेकंदाच्या रेघेवरून त्या कणाचा सगळा जुना पत्ता!

या पत्त्यांनी एक मोठा वाद मिटवला. पृथ्वीच्या अंतरावर एखाद्या वस्तूचा वेग सेकंदाला ४२ किलोमीटरहून जास्त असेल, तर सूर्य तिला बांधून ठेवू शकत नाही. ती बाहेरून आलेली पाहुणी असली पाहिजे. अर्न्स्ट ओपिक या एस्टोनियन ज्योतिर्विदाने १९३१ ते १९३३ या काळात ॲरिझोनात डोळ्यांनी घेतलेल्या वेधांवरून असे अनुमान काढले, की उल्कांचा मोठा भाग असाच ताऱ्याताऱ्यांमधल्या अवकाशातून येतो. ओपिक साधा माणूस नव्हता. त्याने वेग मोजायला डोलणाऱ्या आरशाची युक्तीही वापरली होती. पण अर्ध्या सेकंदाच्या चमकेचा वेग डोळ्याने ठरवायचा म्हणजे चूक होणारच. दोन ठिकाणच्या छायाचित्रांनी, आणि पुढे इंग्लंडात जॉड्रेल बँक येथे रडारने घेतलेल्या मोजमापांनी, असे दाखवले, की उल्का जवळजवळ सगळ्या आपल्याच सूर्यकुटुंबातल्या आहेत. व्हिपल यांनी १९४० साली वृषभ राशीतल्या उल्कांचा एंकेच्या धूमकेतूशी संबंध दाखवला, तोही अशाच छायाचित्रांच्या आधारे.

येथे आम्हाला एका कारखान्यातला प्रसंग आठवतो. यंत्रांची गती गुपचूप वाढवली, अशी कामगारांची तक्रार होती; व्यवस्थापन म्हणे, गती जुनीच आहे, तुम्हीच मंदावलात. महिनाभर तोंडी वाद झाला, निष्पन्न शून्य. अखेर दोन कामगार दोन वेगवेगळ्या खात्यांत घड्याळ घेऊन बसले आणि पाळीभर फेरे मोजून वहीत लिहिले. दोन्ही वह्या जुळल्या, आणि बोलणी त्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरू झाली. एकाची साक्ष ही तक्रार असते. एकमेकांपासून दूर असलेल्या दोघांच्या नोंदी जुळल्या की तो पुरावा होतो.

दगडाचा पत्ता

७ एप्रिल १९५९ च्या संध्याकाळी चेकोस्लोव्हाकियात एक प्रचंड अग्निगोल दिसला. ओंद्रेयोव्ह वेधशाळेच्या उल्का-छायाचित्रणाच्या कार्यक्रमातील कॅमेऱ्यांनी तो दोन ठिकाणांहून टिपला. झ्देनेक त्सेप्लेखा यांनी रेघा मोजून तुकडे कोठे पडले असतील ते काढले, आणि प्रझिब्राम गावाच्या परिसरात चार दगड सापडले. वजन सगळे मिळून सुमारे पावणेसहा किलो. आकाशातून पडलेले दगड, ज्यांना अशनी म्हणतात, ते त्यापूर्वीही संग्रहालयांत भरपूर होते. पण छायाचित्रांवरून कक्षा काढता आली असा हा जगातला पहिला दगड. त्याची वाट मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान असलेल्या लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जात होती. दगड हातात आणि त्याचा पत्ताही हातात, असे प्रथमच घडले.

या यशामुळे १९६३ पासून युरोपात रात्रभर आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे जाळे उभे राहिले. ६ एप्रिल २००२ रोजी जर्मनीत नॉयश्वानस्टाइन येथे पडलेल्या अशनीचा मार्ग या जाळ्याने टिपला, तेव्हा त्याची कक्षा प्रझिब्रामच्या दगडाशी जवळजवळ तंतोतंत जुळली. दगडांची जात मात्र वेगवेगळी निघाली! असे का, यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली. चांगली नोंद जुना प्रश्न सोडवते आणि नवा उभा करते, तो असा.

रशियातली सकाळ, चंद्रपूरची संध्याकाळ

कोणी म्हणेल, हे शास्त्रज्ञांचे झाले. आम्हा बाजारपेठेतल्या माणसांना त्याचे काय? त्यासाठी दोन अलीकडच्या घटना सांगतो.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर व्यासाचा एक खडक सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटला. सूर्याहून प्रखर उजेड पडला. लोक काय झाले म्हणून खिडक्यांशी धावले. आवाजाचा धक्का मात्र उजेडानंतर दीड-दोन मिनिटांनी पोहोचला, आणि तो नेमका खिडकीत उभ्या असलेल्यांच्या तोंडावर काचा फोडून गेला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक काचांनी. एका जस्त कारखान्याची भिंत कोसळली. आम्ही कामगार सुरक्षेच्या वर्गात हे उदाहरण आता मुद्दाम सांगतो: आकाशात डोळे दिपवणारा उजेड पडला, तर खिडकीपासून दूर व्हा आणि काही मिनिटे दूरच राहा.

या खडकाची कक्षा कोणी टिपली? वेधशाळांनी तो येताना पाहिलाच नव्हता. तो सूर्याच्या दिशेने आला होता. ती टिपली मोटारीत लावलेल्या साध्या कॅमेऱ्यांनी, चौकातल्या आणि इमारतींवरच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांनी. चौकातल्या खांबांच्या सावल्या त्या काही सेकंदांत कशा फिरल्या, हे मोजून खडक कोणत्या दिशेने आला ते काढले गेले. ड्रायव्हर, पहारेकरी, दुकानदार यांच्या नोंदी जुळवून त्याचा पत्ता लागला.

दुसरी घटना आपल्या घरची. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात आणि आसपास लोकांनी आकाशात जळते गोळे रांगेने जाताना पाहिले, मोबाइलवर टिपले. कोणी उल्का म्हटले, कोणी क्षेपणास्त्र, कोणी अशुभ. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे पडलेले मिळाले. जाणकारांनी ते चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे असावे, असे सांगितले. आता पाहा, आपण आधी वेगाचे आकडे पाहिले ते येथे कसे उपयोगी पडतात. सूर्याभोवती फिरणारा कण पृथ्वीवर येतो, तेव्हा पृथ्वीच्या ओढीमुळेच त्याचा वेग निदान ११ किलोमीटर असतो. पृथ्वीभोवती घिरट्या घालणाऱ्या यंत्राचा वेग आठच्या खाली. म्हणून उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते, तर अग्निबाणाचा सांगाडा आकाशभर सावकाश, तुकडे होत जातो. मोबाइलवरच्या चित्रफितीत तो किती सेकंद दिसला, एवढी एकच गोष्ट पाहिली असती, तरी अर्ध्या अफवा तेथेच थांबल्या असत्या.

कॅमेरा कसा लावावा

आता हाताने करण्याच्या गोष्टी. कॅमेरा असा हवा, की ज्याचे शटर, आयएसओ आणि फोकस हाताने ठरवता येतील. जुना घेतला तरी चालतो. लेन्स रुंद दृष्टीची, १४ ते ३५ मिलिमीटरची. मजबूत ट्रायपॉड, भरलेल्या दोन बॅटऱ्या, मोठे कार्ड, आणि ओळीने चित्रे घेत राहणारा रिमोट. काही कॅमेऱ्यांत ती सोय आतच असते. नव्या मोबाइलमध्येही रात्रीची सोय असते. तो टेकूवर घट्ट बसवला, तर ठळक उल्का त्यातही येतात.

फोकस आपोआप ठेवू नये. एखादा तेजस्वी तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहावा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत कडे फिरवावे. मग कड्याला चिकटपट्टी लावून टाकावी. शटर किती वेळ? पृथ्वी फिरते म्हणून तारे लांबट होऊ लागतात. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे. २४ च्या लेन्सला सुमारे वीस सेकंद येतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात, लेन्सचा आकडा आधी दीडपट करावा. मग एकामागून एक चित्रे चालू द्यावीत. चार तासांत जवळजवळ सातशे चित्रे होतात. त्यांतल्या बहुतेकांत नुसते तारेच असतात. डिसेंबरातल्या एका रात्री आम्हाला एवढ्या चित्रांतून नऊ उल्का मिळाल्या, आणि ती रात्र आम्ही चांगली मानतो.

कॅमेरा उद्गमबिंदूवर सरळ रोखू नये. तेथे उल्का आपल्याकडेच येत असल्यामुळे रेघा अगदी आखूड दिसतात. फार दूर रोखला तर रेघा लांब, पण वेगाने पसरलेल्या आणि म्हणून फिक्या. चाळीस-पन्नास अंश बाजूला धरावे. पहाटे लेन्सवर दव बसते. ते पुसण्यासाठी मऊ फडके ठेवावे, आणि प्रकाशासाठी लाल कागद लावलेली विजेरी. जागा गावापासून दूर, पण ओळखीच्या शेतावर, मालकाला सांगून. एकट्याने जाऊ नये.

कोणत्या रात्री? परदेशी पुस्तकांत ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या ययाती वर्षावाची फार स्तुती असते. आपल्याकडे तेव्हा पावसाळी ढग. आपला खरा वर्षाव १३-१४ डिसेंबरचा, मिथुन राशीतला. आकाश कोरडे, थंडी सोसवणारी, आणि उद्गमबिंदू पुनर्वसूतल्या ताऱ्याजवळ. तो रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर, म्हणजे त्यातल्या त्यात सावकाश. म्हणून चित्रात ठळक येतात. त्यांची धूळ फेथॉन नावाच्या लघुग्रहाची आहे. तो १९८३ साली सापडला. १७ नोव्हेंबरच्या सुमारास सिंह राशीतला वर्षाव. त्याच्या उल्का सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाच्या. तो एरवी साधा, पण १८३३ आणि १९६६ साली त्याने अक्षरशः पाऊस पाडला. आणि या व्याख्यानमालेच्या दिवसांत, ५-६ मेच्या पहाटे तीन ते पाच, कुंभ राशीतून हॅलेच्या धूमकेतूची धूळ बरसते. तो धूमकेतू १९८६ साली येऊन गेला, पुन्हा येणार २०६१ साली; त्याची धूळ मात्र दरवर्षी भेटते. प्रत्येक वेळी पंचांगात चंद्र पाहून घ्यावा. पौर्णिमेच्या आसपास श्रम वाया जातात.

चित्र वाचावे कसे

रेघ दिसली म्हणून ती उल्का ठरत नाही. विमानाची रेघ ठिपक्याठिपक्यांची, आणि पुढच्या चित्रांतही चालूच. उपग्रहाची रेघ एकसारख्या जाडीची, बहुधा तीही पुढच्या चित्रात जाते. २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह वर गेल्यावर तर अशा रेघांचा सुकाळ झाला आहे. उल्केची रेघ एकाच चित्रात असते, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये किंवा शेवटी फुगलेली. वेगवान उल्केत आरंभी हिरवी छटा येते, ती वरच्या हवेतल्या प्राणवायूची. रेघ मागे वाढवली, तर वर्षावातली उल्का उद्गमबिंदूकडे जाते. जात नसेल तर ती दुसऱ्या कुळातली.

चित्राबरोबर कॅमेऱ्याचे घड्याळ सेकंदापर्यंत जुळवलेले हवे, आणि जागा लिहिलेली हवी. त्याशिवाय ते चित्र भिंतीवर लावण्यापुरते. आज ग्लोबल मिटिऑर नेटवर्कसारख्या उपक्रमांत अनेक देशांतले हौशी लोक घराच्या छपरावर लहान कॅमेरे लावून शेकडोंच्या संख्येने एकाच आकाशावर पहारा ठेवतात आणि नोंदी जुळवतात. आपल्या शहरात एक आणि तीस-चाळीस कोसांवरच्या गावात एक, असे दोन कॅमेरे जरी एका रात्री एकाच दिशेला लावले, तरी उल्केची उंची आपल्याला शाळेच्या त्रिकोणमितीने काढता येईल. आमच्या मंडळींनी शेजारच्या तालुक्यातल्या काही शिक्षकांशी तशी बोलणी चालवली आहेत.

महाराष्ट्राला तर या विषयाचे विशेष अगत्य असावे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर हे अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. ज्या मातीत एवढी मोठी खूण आहे, तेथल्या लोकांनी लहान खुणांकडे दुर्लक्ष का करावे?

शेवटी नगरवासीयांना एक विनंती. आमच्या शहराच्या वेशीवर पंधरा वर्षांपूर्वी आकाशगंगा दिसे. आज ती पाहायला मोटारसायकलवर तासभर जावे लागते. दिवे नकोत असे आम्ही म्हणणार नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या बायांना आणि पोरांना रस्त्यावर उजेड हवाच. पण त्या उजेडाने जमीन पाहावी, आकाश नव्हे. दिव्याला वरून झाकण, जाहिरातींचे दिवे मध्यरात्री बंद, एवढ्या दोन मागण्या नगरपालिकेकडे कोणीही करू शकेल. विजेचे बिलही कमी येईल. आणि बिलाची भाषा सर्व पक्षांना कळते.

आणि पुढच्या वेळी मोठी उल्का दिसली, की पाच गोष्टी लगेच कागदावर लिहा: वेळ, तुमची जागा, कोठून कोठे गेली, किती सेकंद दिसली, आणि मागाहून आवाज आला का, आला तर किती वेळाने. दुसऱ्या गावच्या ओळखीच्या माणसाला फोन करून त्याच्याही पाच गोष्टी लिहून घ्या. कॅमेरा नसला तरी नोंदीची सुरुवात येथून होते.